दाताची खूण असलेली मोहर

॥ श्री ॥
अधारताल, जबलपूर
२ डिसेंबर २०२४

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

नमस्कार झाला, आता ऐका. या माणसाचं मी काय करू ते तुम्हीच सांगा. सव्वा लाख, अण्णा, सव्वा लाख! फॅक्टरीतून रिटायर होताना हातात आलेल्या पैशातले. आणि घेतलं काय, तर मोहर. एक. सोन्याची, राणीच्या मुंडक्याची. तेही दुकानात जाऊन नाही, पलंगावर लोळून, मोबाइलवर. मुंबईच्या कोण्या लिलाववाल्याची बोली लागून राहिली होती, हे अंगठा दाबून राहिले होते, आणि मी समजत होते की माणूस भजन ऐकून राहिला. परवा कुरिअरवाला भैया डबी घेऊन आला, माझी सही घेतली, तेव्हा मला पत्ता लागला.

आधी बरं होतं. छिद्राचे पैसे, निजामाचे आणे, कुठून कुठून आणायचे, शंभर-दोनशेत भागायचं. मी म्हटलं चलो, दारू तर नाही पीत. आता हा मोबाइल आला आणि यांचा हात सुटला. मी विचारलं की वस्तू न बघता पैसे टाकले कसे, तर मलाच शिकवून राहिले. म्हणे फोटो मोठा करून बघितला, सर्टिफिकेट आहे, बिल आहे, दुकानदारासारखं तोंड बघून भाव सांगत नाहीत. अहो, पनागरची मटारवाली दहा रुपयांच्या मटारासाठी शेंग फोडून दाखवते! इथे सव्वा लाखाला नुसता फोटो. आणि ती मोहर प्लास्टिकच्या गोल डबीत बंद. मी उघडायला गेले तर ओरडले, बोट लावू नको, घामाने डाग पडतो, कडेने धर. पस्तीस वर्षं संसार केला, मला कधी इतकं कडेने धरलं नाही.

फोन करत नाही कारण फोनवर तुम्ही सगळ्याला हो-हो म्हणता. तुमच्या कानांचा दोष नाही, तीस वर्षं इंजिनाच्या भोंग्याजवळ बसल्यावर दुसरं काय होणार. म्हणून कागदावर मागते. आपल्या आईची मोहर काढा. तीही राणीचीच. तुम्ही, मी, तुमची दीपा, माझा अजिंक्य, सगळ्यांनी जन्मल्या जन्मल्या तिच्यावरून मध चाटला आहे, तेव्हा तिच्यापेक्षा खात्रीची मोहर मला तरी माहीत नाही. सोनाराकडून वजन करून घ्या. मग कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासा आणि दोन्ही बाजूंचा छापा मला पाठवा. मी यांच्या मोहरेशी मिळवून बघते. खोटी निघाली तर त्या लिलाववाल्याच्या दारात जाऊन बसीन.

आणि मोहर काढलीच आहे तर परत आत टाकू नका. जानेवारीत लागेल. काहून लागेल ते विचारू नका, वेळ आली की मीच सांगीन.

वहिनीला माझा नमस्कार. माया करता ती करत राहा, पण छापा आधी.

तुमची
जया

•

॥ श्री ॥
नागपूर
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. जयास अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. इकडे थंडी बरी आहे. संत्री यंदा बारीक आहेत पण गोड आहेत, कोणी येणारे-जाणारे भेटले की पेटी पाठवतो. जावईबापूंवर चिडू नकोस. माणसाने नोकरी करून मुलाला मार्गी लावले, आता एक हौस केली तर करू दे.

आपल्या मोहरेचे वजन एक तोळा. ते मला पाठ आहे, सोनाराकडे जायची गरज नाही. छाप्याचे मात्र जमणार नाही. मोहर बँकेच्या लॉकरमध्ये आहे, लॉकरची किल्ली दीपाकडे आहे आणि दीपा पुण्याला आहे. जानेवारीत काय आहे हे तू सांगितल्याप्रमाणे मी विचारत नाही. पण इतके आधीपासून कशाला काढून ठेवायचे, जपून असलेली बरी.

माझा सल्ला विचारशील तर ती मुंबईची मोहर परत पाठवून पैसे मागून घ्या. तोवर तिला फार हाताळू नका. भिंगाने तर मुळीच बघू नका, डोळ्यांवर ताण येतो. काठाला एखादा खड्डा दिसला तरी मनात काही आणू नकोस, जुन्या मोहरांना असे खड्डे असतातच.

सर्वांना आशीर्वाद. आठवण ठेवतेस तशी ठेव.

तुझा
अण्णा

ता. क. जया, मी विनता लिहितेय, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय तेवढ्यात. तू यांना काय लिहिलंस गं? पत्र आल्यापासून हे देव्हाऱ्याकडे पाठ करून बसतात. काल पेपर उलटा धरला होता. आणि देव्हाऱ्यातली मोहरेची लाल डबी मला दिवाळीपासून दिसत नाही. विचारलं तर यांना ऐकू येत नाही, म्हणजे एरवी आता येतं, हे एवढंच येत नाही.

•

॥ श्री ॥
अधारताल, जबलपूर
१४ डिसेंबर २०२४

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

लॉकर? आपल्याकडे लॉकर कधीपासून आला? आईने जन्मभर मोहर लाल डबीत ठेवली, बाळकृष्णाच्या मागे. आणि काठाच्या खड्ड्याचं मी लिहिलं होतं का? पत्र परत वाचा. मला तर तोवर खड्डा माहीतही नव्हता. मोहर तर मी डबीतून नीट बघितलीही नव्हती, रागानेच भरले होते.

तुम्ही भिंग नको म्हटलं, म्हणून मी भिंगच शोधलं. तुमच्या जावईबापूंना हाताला धरून दीक्षितपुऱ्यात सोनी काकांकडे नेलं. आमच्या सासूबाईंच्या पाटल्या त्यांच्याच हातच्या. रस्ताभर हे मला समजावून राहिले की हे लोक सोनं ओळखतात, नाणं नाही ओळखत. काकांनी आधी चहा मागवला. मग मोहर फरशीवर टाकून आवाज ऐकला, तर यांचा जीव वर. तोलली, घासली नाही, यांनी हात जोडले म्हणून. मग भिंग डोळ्याला लावलं आणि हसायला लागले. म्हणाले, दीदी, माल तो सौ टका असली है, पर रानी साहिबा की नाक किसीने चाट ली है.

मी भिंग हिसकावून घेतलं. नाक खरंच नाही. हनुवटी गुळगुळीत. आणि काठाला, मुकुटाच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. अण्णा, मी तिथेच स्टुलावर बसले. माझ्या बारशाला तुम्ही नऊ वर्षांचे होता. सोनार दाताने चावून सोनं बघतो म्हणून तुम्हीही चावून बघितलं, बाबांनी तुमच्या थोबाडीत मारली आणि आई पदर तोंडावर धरून हसत राहिली. ही गोष्ट मी आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की तो दात मला दाताच्या डॉक्टरपेक्षा जास्त माहीत आहे. लिलाववाल्याच्या कागदावर लिहिलं आहे, काठास किंचित इजा. इजा म्हणे! माझ्या भावाचा दात आहे तो.

यांना अजून बोलले नाही. यांनी आपली मोहर कधी पाहिलेलीच नाही, अजिंक्य नागपुरात झाला तेव्हा हे इथे ड्यूटीवर होते. बायकोचं तोंड पडलं ते यांना वाटलं, खोटी निघाली नाही म्हणून पडलं. इतके खुश झाले की मला खोव्याची जलेबी खाऊ घातली.

आता तुमचं ऐकवून झालं, माझं ऐका. आमच्या सुनेला, सुमेधाला, नववा लागला आहे. संक्रांतीच्या आसपासची तारीख आहे. तुम्हाला नाही सांगितलं, कोणालाच नाही सांगितलं. गेल्या वेळी मी तिसऱ्याच महिन्यात मोहल्लाभर पेढे वाटले आणि मग एक महिना दार लावून बसले, ते तुम्हाला माहीत आहे. पोरगी माझ्याशी डोळे मिळवत नव्हती, जशी काही तिचीच चूक. म्हणून या वेळी तोंडाला कुलूप घातलं. डॉक्टरीणबाई म्हणतात सगळं ठीक आहे. मी मनात एकच धरून होते, पोर झालं की नागपूरहून अण्णा मोहर घेऊन येतील.

आणि मोहर कुरिअरने आली!

काहून विकली, अण्णा? भांडायला नाही विचारून राहिले. नाही, खोटं कशाला लिहू, भांडायलाच विचारून राहिले. वहिनीला काही कळू देणार नाही, पण तुम्ही खरं लिहा.

तुमच्यावर जीव आहे म्हणून इतकी शाई खर्च केली.

जया

•

॥ श्री ॥
नागपूर
२० डिसेंबर २०२४

चि. सौ. जयास आशीर्वाद.

तुझे पत्र विनतानेच फोडले आणि मोठ्याने वाचले. मला सगळे ऐकू आले. तोच माझा गुन्हा आहे.

गेल्या गणपतीत दीपा आली होती. तिने आणि तिच्या नवऱ्याने मूल नको असे ठरवले आहे, हे तिने मला नीट बसवून सांगितले. मी हो म्हटले. तिचा संसार आहे. तुझ्याकडे अजिंक्य-सुमेधाचे गेल्या वेळी जे झाले होते, त्यानंतर तुला काही विचारायची माझी छाती नव्हती. तू काही लिहीत नव्हतीस, मी समजलो की लिहिण्यासारखे काही नाही. एक दिवस देव पुसताना डबी हातात आली आणि वाटले की आता ही कोणाच्या ओठाला लावायची आहे.

दीपा कानाच्या मशीनसाठी मागे लागली होती. पैसे मी भरते म्हणाली. लेकीचे पैसे मी घेतले नाहीत. तिला म्हटले, आजीची मोहर आहे, ती वीक. ती रडली, पण तिनेच फोटो काढून मुंबईला पाठवले. इथल्या सराफाकडे मी गेलो नाही. ओळखीची माणसे आहेत, चेहरा बघून काहीतरी विचारले असते. विनताला मी पेन्शनची थकबाकी आली असे सांगितले होते.

दोन्ही कानांत मशीन आहे. परवा कुकरची शिट्टी ऐकली. विनता भाजी चिरताना गुणगुणते हे मला इतकी वर्षे माहीत नव्हते. सध्या ती गुणगुणत नाही.

तू लिहिलेस ते वाचून मला फार बरे वाटले आणि फार वाईटही वाटले. सुमेधाला जप. पैसे मी जावईबापूंना पाठवतो, थोडा वेळ दे. मोहर तुझ्याकडेच राहू दे. मी मात्र येणार नाही. ज्या हाताने विकली तो हात बाळाच्या तोंडाशी नेणे बरे नव्हे. जावईबापूंनी लावावी, त्यांचा मान आहे.

रागावलीस तरी आपली म्हण.

अण्णा

•

॥ श्री ॥
अधारताल, जबलपूर
२६ डिसेंबर २०२४

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आधी रडले, मग यांना सगळं सांगितलं. यांनी एक शब्द बोलण्याआधी मोबाइल उघडला आणि लिलाववाल्याचं पान मला वाचून दाखवलं. तिथे लिहिलं आहे, नागपूरच्या एका जुन्या घराण्याच्या संग्रहातून. घ्या! बाळकृष्णामागची एक डबी, तिचा संग्रह झाला. मग हे इतके हसले की सुमेधा खोलीतून पोट धरून बाहेर आली, मी घाबरले, तर ती पण हसूनच राहिली होती.

यांचं म्हणणं असं की सुरतेचा कोणी शेठ शेवटपर्यंत बोली चढवून राहिला होता. हे हटले असते तर मोहर सुरतेला गेली असती. काहून नाही हटले, तर म्हणे त्या नाक नसलेल्या राणीचा चेहरा घरातल्यासारखा वाटला. आता यांच्या तोंडावर मी कधी म्हणणार नाही, तुम्हालाच लिहिते. मोबाइलवर घेतली म्हणूनच घरात आली. सराफाकडे गेली असती तर आजवर तिच्या कोणाच्या तरी बांगड्या झाल्या असत्या. पण सराफाने तुम्हाला एक वेळ विचारलं असतं की, अण्णा, काहून विकता? आणि तुम्ही तिथेच डबी खिशात घालून घरी आला असता. मोबाइल विचारत नाही. त्याला चेहरा लागतच नाही.

पैशाचं नाव काढू नका. यांनी बोली लावली, यांची हौस भागली. तुम्ही कान घेतले, ते कान राहू द्या. घरातल्या घरात मोहर फिरली आणि मधला मुंबईवाला दोन्हीकडून जेवून गेला, त्याचं दुःख मी एकटी करते.

मध यंदा नाही. डॉक्टरीणबाईंनी साफ मना केलं आहे, वर्षाच्या आतल्या पोराला मध द्यायचा नसतो म्हणे. नुसती मोहर ओठाला टेकवायची. मध आपण मोठे चाटू. सुमेधा म्हणते, मोहरही आधी उकळा. उकळायचं ऐकून तुमच्या जावईबापूंना रात्रभर झोप नाही, भाव उतरतो म्हणे. मी म्हटलं, विकायची कोणाला आहे?

राहिला हात. तो तुमचाच लागेल. अजिंक्यला तुम्हीच लावली होती, मी बाजेवरून बघितलं आहे. यांना मान देऊन काय करू, हे बाळालाच सांगतील, कडेने धर. आणि विकलेल्या हाताची तुम्हाला लाज वाटते, तर चावलेल्या तोंडाची कधी वाटली नाही ती? बाळाचं पहिलं रडणं ऐकायला नवे कान घेऊन या, नाहीतर ते कान घेतले कशासाठी? वहिनीला घेऊन या, ती इथे माझ्या स्वयंपाकघरात गुणगुणेल. मटार सोलायला माणूस पाहिजेच आहे.

चार जानेवारी, शनिवार. तोवर तुमचं हो आलं पाहिजे, आणि फोनवर आलं पाहिजे, आता ऐकू येतं. नाही आलं तर यांच्या मोबाइलवरून तुमचाच फोटो त्या लिलाववाल्याकडे चढवते. खाली लिहीन, जुन्या नागपुरी घराण्यातले आजोबा, अस्सल, कान नवे, काठास किंचित इजा. मला माहीत आहे, तुमच्यावर बोली लावणारं गिऱ्हाईक एकच आहे, आणि ते संक्रांतीला येऊन राहिलं आहे.

तुमच्या फोनची वाट बघते, शनिवारच्या पुढे एक दिवस नाही.

जया