विराम माझा होता

पनवेल, १४ मार्च १९९५

तीर्थस्वरूप दत्तूमामांच्या चरणी भाचा विनायक याचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी निर्गुडीचा शेक देत असतील आणि तुम्ही घेत असाल, असं धरून चालतो. (घेत नसाल, हे आईचं मत. ती म्हणते, नाटकांवर लिहिणाऱ्याला दुसऱ्यांचीच दुखणी दिसतात.)

पत्रास कारण की, आमचा सॅम आपटेकर मोठा नट झाला. तुम्हीच केलात, तेव्हा तुम्हाला ठाऊक आहेच. डिसेंबरातल्या हौशी स्पर्धेत आमच्या मंडळाच्या नाटकात तो बाप होता आणि मी मुलगा. तुम्ही पुण्याहून मुद्दाम आलात, आमच्याकडे जेवलात, आईच्या अळूवड्या दोनदा मागून घेतल्यात आणि परत जाऊन पेपरात लिहिलंत, ‘बाप विचारतो, घर विकलंस? त्यानंतरच्या दीर्घ विरामात श्री. आपटेकर यांनी एका बापाचं अख्खं आयुष्य उभं केलं. असा विराम रंगभूमीला पुष्कळ वर्षांनी लाभला. इतरांची साथ समाधानकारक.’ मामा, त्या इतरांत मी आहे. भाच्याचं नाव घेतलं तर लोक पक्षपात म्हणतील, हे तुमचं तत्त्व मला मान्य. पण तत्त्वाला नेमका भाचाच का सापडावा?

आणि मुळात तो विराम नाटकात नव्हताच. बापानं विचारल्याबरोबर मुलानं ताडकन ‘हो, विकलं! आणि त्याचं मला काही वाटत नाही!’ असं म्हणायचं होतं. माझी पाटी कोरी झाली. विंगेत आमचा तुळशीराम पुस्तक धरून प्रॉम्प्टिंगला उभा होता, पण सॅमचं काम बघून तोच डोळे पुसत होता; त्याच्याकडून शब्द यायचा कुठून? सॅम माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी घातली, ट्रंकेवर बसला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. शेवटी माझ्या तोंडून कसंबसं ‘हो’ एवढंच निघालं आणि टाळ्यांनी थिएटर दणाणलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

तुमचं परीक्षण वाचून मुंबईचा एक निर्माता आला. त्यानं नाटक उचललं, सॅमला उचललं आणि मुलाच्या कामाला मुंबईचाच एक नट घेतला. पाडव्याला पहिला प्रयोग आहे, तालमी अजून चालू आहेत, पण तिकडच्या पेपरांत ‘आपटेकरी विराम’ हा शब्द आत्ताच रुळलाय. इकडे त्याला शाल-श्रीफळ मिळालं. (आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. मी उठलो तेव्हा लोक चहाकडे वळले होते.) तो बेने इस्रायली, त्याची भावंडं इस्रायलला गेली, हा नाटकापायी मागे राहिला, याचंही गावाला कौतुक. मीही पनवेल सोडून कुठे गेलो नाही, त्याचं कुणाला काही आहे का? शशिकलेनं तुमचं कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, बाहेरून लावलं असतं तर तुम्हाला रोज दिसलं असतं. बायको समजूतदार असली की जास्त लागतं. जळतो मी मामा, उघड सांगतो. आडनाव आपटेकर, आणि आपटलो मात्र मी.

मग मीही जिद्दीला पेटलो. गव्हाणच्या जत्रेत आमच्या मंडळानं हेच नाटक लावलं. सॅम मुंबईला, म्हणून बाप मी आणि मुलगा तुळशीराम. त्याला बजावलं होतं, मी विचारलं की खूण करीपर्यंत गप्प राहायचं. तसा तो राहिला. मी बघितलं, पंचा काढला, घडी घालायला लागलो, तोच मागून कुणीतरी ओरडलं, ‘आरं, इसारला तो! सांगा रं कोनतरी त्याला!’ पुढच्या रांगेतल्या गोदूबाई (यांच्याच ओसरीवर आम्ही तोंडं रंगवली होती) पुढे झुकून म्हणाल्या, ‘बोल ना रं बाला, इकलं म्हनून! मारतो का काय तो तुला?’ तुळशीराम वडीलधाऱ्यांचं ऐकणारा. त्यानं लगेच सांगून टाकलं. पुढचा सगळा अंक लोकांनी हसत काढला. नाटक शोकांतिका आहे.

असो. मामींना नमस्कार, तुमच्या नातीला, आभाला गोड पापा. गुडघ्याला जपा.

तुमचा, परीक्षणात नसलेला,
विनायक

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. तुमच्या सदरात चौकटीत दोन ओळींचा खुलासा द्या, ‘सदर विराम श्री. विनायक चौबळ यांचा होता.’ आडनाव विसरू नका.

आणखी ता. क. : खुलासा मुळीच छापू नका! पाकीट चिकटवणार तोच सॅम दारात हजर. म्हणाला, तो मुंबईचा नट थांब म्हटलं की थांबतो, पण मनात आकडे मोजतो आणि ते त्याच्या डोळ्यांत दिसतात. ‘विन्या, ती जागा मला तू दिलीस. तुझ्या चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच नव्हतं रे! ते कुणाला जमत नाही.’ निर्मात्याशी भांडून त्यानं मुलाच्या कामाला माझं नाव पक्कं केलंय. जाताना विचारलं, ‘मुद्दाम थांबला होतास ना?’ मी हो म्हणालो. (लगेच. विराम न घेता.)

शेवटचा ता. क. : पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. काल दादरला तालीम झाली. सॅमनं विचारलं, ‘घर विकलंस?’ आणि मामा, अख्खं वाक्य माझ्या जिभेवर तयार! जन्मात मला काही इतकं पाठ नव्हतं. दात आवळून उभा राहिलो, तर निर्माता म्हणाला, याचं पोट दुखतंय का बघा. हे काम मला फार हवंय हो. तुम्ही आयुष्यभर नाटकं बघितलीत. पाठ झालेलं विसरण्याची तालीम कुणी करत असेल, तर कशी करतात ते उलट टपाली कळवा.