पिवळं लागलं म्हणून थांबलो

मंगळवार, १४ ऑक्टोबर, आयोवा

गवताची मुळं किती खोल जातात ते बघायला प्रेअरीच्या गवताळ रानात नळी ठोकून काढलेले मातीचे आठही कोअर फुकट गेले. काळी माती संपून पिवळी लागली की मी नळी वर ओढत होतो. आमच्या यवतमाळला पिवळं लागलं म्हणजे मुरूम, खणणं संपलं.

लॅबमधली सायली म्हणाली, "अरे, हा मुरूम आहे का? चोळून तरी बघायचंस."

चोळली. मैद्यासारखी मऊ. वाऱ्याने आणून टाकलेली ही माती खाली कितीतरी फूट तशीच असते, हे परीक्षेत मीच लिहिलं होतं. मग हात का थांबला?

उद्या सगळं परत. नखात ते पिवळं अजून आहे.

एका कोअरच्या खालच्या टोकाला, त्या पिवळ्यातच, गवताचं तुटलेलं मूळ होतं. ते अजून खाली चाललं होतं.