गोठवलेला रकाना

प्रिय धाकट्या,

माझं अक्षर बघून पाकीट बाजूला टाकू नकोस. आई गेल्यापासून तीन वर्षं आपण एकाच शहरात राहतो आणि एकमेकांचं तोंड बघत नाही. त्या दिवशी मी तुला जे बोललो त्याबद्दलच लिहायचं आहे, पण मला जरा मागून यावं लागेल. 'दादाकडे पाणी मागितलं तर तो आधी नळ दुरुस्त करतो' असं तूच म्हणायचास.

मी अजून हॉस्पिटलच्या नोंदणी विभागातच आहे. खुर्ची तीच, फक्त एका हाताचं रेक्झिन फाटलंय. ताईचे गुडघे दुखतात, पण जिना चढायचं काही सोडत नाही. परवा तुझी चौकशी करत होती. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्यासमोर.

आमचा नोंदणीचा फॉर्म तुला आठवत असेल. तो मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवरून तयार होऊन येतो, त्याला हात लावायची आम्हाला मुभा नाही. पण पान एकदा आपल्या ब्राउझरमध्ये उतरलं की त्यावर आपली छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्रॅम, चालवता येते. एखादा रकाना लपवावा, एखादा आपोआप भरावा. हे मी कुठल्याही क्लासला न जाता शिकलो आणि त्याचा तोरा किती मिरवला, ते तू सोसलंयस. तुझी इंजिनिअरिंगची पदवी आणि माझी स्क्रिप्ट, असं मी चारचौघांत तोलायचो. फॉर्ममध्ये नातेवाइकांचे दोन फोन नंबर असतात; त्यातल्या दुसऱ्यात कुणाचं तरी बोट लागून आकडा बदलायचा, म्हणून मी सोय केली होती: दहा आकडे भरले की तो रकाना गोठायचा. करडा पडायचा, कुणाला बदलता यायचा नाही. सगळे म्हणाले, वा.

आईला दाखल केलं तेव्हा तिचा फॉर्म मी स्वतः भरला. पहिला नंबर माझा, दुसरा तुझा. तुझा तीनदा ताडून पाहिला आणि सेव्ह करण्याआधी पान छापून घेतलं. त्या दुपारी मी तळघरात नवे कॉम्प्युटर लावत होतो, तिथे रेंज नाही. वर आलो तेव्हा सगळं संपलं होतं. तू दहा मिनिटांवर राहणारा, पण आलास ते सगळं संपल्यावर तासाभराने, मी फोन केल्यावर. हॉस्पिटलचा फोन येऊनही तू आला नाहीस, असं मी म्हणालो. तू शपथेवर सांगत होतास की तुला कुणाचाही फोन आला नाही. सगळ्यांसमोर मोबाइल उघडून दाखवलास. मी म्हणालो, ते पुसता येतं. आणि खिशातून तो छापील कागद काढला. वॉर्डात जाऊन साधं विचारायचंही मला सुचलं नाही. कागद होता ना.

गेल्या सोमवारी आमच्याकडे आलेल्या नव्या मुलीने जुन्या नोंदी काढल्या. म्हणाली, काका, तुमची स्क्रिप्ट लागल्यापासून एकाही पेशंटचा दुसरा नंबर सर्व्हरवर नाही. मी हसलो. मग तिने दाखवलं. रकान्याला नुसतं कुलूप लावता येतं, तेव्हा त्यातला मजकूर सर्व्हरकडे जातो. मी तो पार बंद करत होतो. बंद केलेला रकाना पडद्यावर दिसतो, कागदावर छापला जातो, पण सेव्ह दाबल्यावर ब्राउझर त्याला सोबत नेतच नाही. हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात, असं ती सहज म्हणाली. मी आईचं पान उघडलं. तुझ्या नंबराची जागा कोरी होती.

म्हणून हे पत्र. तुझा फोन वाजलाच नव्हता. तू खरं बोलत होतास, आणि आईच्या शेवटच्या घटकेला तू तिथे नव्हतास ते माझ्या हातून झालं. ताईला आणि मामांना मी घरी जाऊन सांगितलं, मुख्य कार्यालयाला लेखी कळवलं, स्क्रिप्ट काढून टाकली. माफ कर म्हणायचं धाडस नाही. पण तीन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते काल वॉर्डातल्या सिस्टरांना विचारलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते तुझं आहे, माझ्याजवळ ठेवता येणार नाही. त्या दुपारी त्यांना माझा फोन लागेना, दुसरा नंबर सापडेना. आई तुझं नाव घेऊन कधी येतोय विचारत होती. त्यांनी तिचा हात धरून सांगितलं, निघालाय, पोचतोच आहे. ती बरं म्हणाली आणि दाराकडे तोंड करून पडून राहिली.

तुझाच, आणि तुझा अपराधी,
दादा