डिझाइन सात-बी आणि वरचा मजला

२ मार्च, सोमवार
शोध लागला! सुरमादानी, कपड्यांचा नवा ब्रँड. उन्हाळी लॉनच्या तलम कापडाचे असे सलवार-कमीजचे जोडे कराचीत अजून कुणी पाहिलेले नाहीत. फक्त चार लाख लोक फॉलो करतात. वरच्या मजल्यावर कळायच्या आत उरकलं पाहिजे.

वरचा मजला म्हणजे माझ्या जाऊबाई, तलअत भाभी. सव्वीस वर्षं एका जिन्यावर काढली. नवी नवरी म्हणून आले तेव्हापासून मला दुल्हन म्हणतात. मी पन्नाशीला टेकले, तरी दुल्हनच. माझा वलीम्याच्या दावतीचा जोडा चिमटीत धरून म्हणाल्या होत्या, कापड बरं आहे. ते मी विसरलेले नाही.

संकल्प: २९ तारखेला नणंदेकडे, सफूरा आपांकडे, मिलाद आहे, पैगंबरांची स्तुतिगीतं गायला सगळ्या बायका जमतील. तिथे सुरमादानीचा सगळ्यात देखणा जोडा माझ्या अंगावर हवा आणि भाभींच्या अंगावर नको. बाकी काही मागणं नाही.

३ मार्च
कॅटलॉग तीनदा पाहिला. मॉडेल कुठल्याशा पडक्या किल्ल्यात उभ्या आहेत, दूधवाला न आल्यासारखं तोंड करून. माझी पसंती:

दोन-ए. फिरोजी. भाभींचा जीव आहे फिरोजीत.

सात-बी. मोहरीच्या फुलासारखा पिवळा, गळ्याला काळं भरतकाम. भाभींनी पाहिला तर जेवण जाणार नाही. हाच.

अकरा. बाह्यांवर आरसे. भाभींच्या बाह्या नेहमी माझ्यापेक्षा चांगल्या का असतात?

चौदा-ए. फिकट जांभळा. फार सुंदर. बराच वेळ पाहत बसले. पण भाभींना जांभळा आवडत नाही, मग घेऊन उपयोग काय.

५ मार्च
भाभी जिन्यात भेटल्या. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, यंदा लॉन सगळीकडे बकवास, सुरमादानीचा पाच-ए तेवढा बरा. (पाच-ए म्हणजे पडद्याचं कापड.) त्या म्हणाल्या, "दुल्हन, मी यंदा लॉन घेतच नाहीये."

सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. म्हणजे सात-बीच घेणार.

८ मार्च, रविवार
साखर मागायला वर गेले. साखर घरात होती. भाभींचं कपाट सताड उघडं, दोन खण रिकामे. नव्या जोड्यांना जागा करतायत. पलंगावर बॅगा तोलायचा काटा पडलेला. बाई आता कापड वजनावर घेणार की काय?

आमच्या ह्यांना, रईसना, सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, भाभी टोरांटोला चालल्यात, काशिफकडे. मी म्हटलं, मोठे दीर गेल्यापासून दोन वर्षं हेच ऐकतेय. मुलाचा फोन येतो, भाभी डोळे पुसतात, आणि संध्याकाळी टेलर मास्टरकडे नव्या कमीजचा गळा सांगायला हजर. पुरुषांना काही कळत नाही.

११ मार्च
भाभी नटूनथटून कुठल्याशा ऑफिसात जाऊन आल्या. फोटोही काढून आणलेत. पांढरी भिंत, हसू नाही. थेट कॅटलॉग. सुरमादानीत ओळख काढली असणार. या वयात!

१४ मार्च, शनिवार
आज सेल लागला. दुकान दहाला उघडणार होतं, मी आठला पोहोचले, माझ्याआधी दोनशे बायका. दार उघडल्यावर पहिली पाच मिनिटं माझे पाय जमिनीला लागले नाहीत. सात-बीचं शेवटचं पाकीट माझ्या हातात आलं, पण दुसरं टोक एका म्हातारीच्या हातात. मी अदबीनं म्हटलं, खालाजान, हा रंग तुमच्या वयाला नाही. ती म्हणाली, "तुझ्या तोंडाला तरी कुठे आहे?" पण टोक तिनंच सोडलं.

घरी एक चप्पल घालून आले. भाभी गर्दीत दिसल्या नाहीत. दुसऱ्या कुणाला पाठवलं असणार.

१७ मार्च
करामत मास्टरकडे कापड टाकलं. भाभींचा आणि माझा मास्टर एकच. तो माप लिहीत होता तेवढ्यात मी त्याचा गठ्ठा उपसला. भाभींचं एक चिंधूक नाही. म्हणजे मास्टर बदलला! एकवीस वर्षं जुना मास्टर सोडला, माझ्यापासून एक डिझाइन लपवायला. केवढी खोल चाल.

भाभींबद्दल खोदून विचारलं तर म्हणतो, "मोठ्या बाजी आल्या होत्या ना. गरम कोटाला अस्तर लावून घेतलं." मार्चमध्ये, कराचीत, गरम कोट. मास्टरलाही फितवलेला दिसतोय.

२२ मार्च
भाभी खाली येऊन आपला मोठा कुकर आणि रातराणीची कुंडी ठेवून गेल्या. म्हणाल्या, तुझ्याकडे असू दे. माझ्याकडे काय कुकर नाही? सरळसरळ अपमान. कुंडी ठेवून घेतली, कुकर माळ्यावर टाकला.

२९ मार्च, रविवार
मिलाद. मी सात-बीत. भाभी तीन वर्षांपूर्वीच्या राखाडी जोड्यात. जिंकले!

सफूरा आपांसकट आणखी चौघी सात-बीत होत्या, पण त्यांचा प्रश्न नव्हता. मी मुद्दाम भाभींच्या समोर बसले, दोनदा उठून पाणी आणलं. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. प्रत्येकीच्या गळ्यात पडून रडत होत्या. मिलादला रडतात, ठीक आहे, पण इतकं?

घरी येऊन रईसना खूप बोलले. कशावरून ते आठवत नाही.

१ एप्रिल, बुधवार
भाभींनी वरच्या मजल्याची किल्ली आणून दिली. शुक्रवारचं विमान. भाडेकरू ठेवा म्हणाल्या, न्हाणीघराचा नळ गळतो ते त्यांना आधी सांगा. मी विचारलं, परत कधी? म्हणाल्या, "परतीचं तिकीट नाही काढलं दुल्हन. कागदपत्रं कायमची झालीत."

मला कुणी सांगितलं नाही. रईस म्हणतात, तीनदा सांगितलं. तीनदा सांगून काय होतं? नीट सांगायला नको? खूप राग आला. ही बाई मला न विचारता कशी जाऊ शकते?

३ एप्रिल, शुक्रवार
विमानतळ. सात-बी घालून गेले. भाभी त्या कोटात घामाघूम. आत जायच्या आधी माझ्याकडे वळल्या आणि पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. म्हणाल्या, "डावी बाही बोटभर वर गेलीय. मास्टरला उसवायला लाव, ऐकून घेऊ नकोस त्याचं." मग मला जवळ घेतलं आणि गेल्या.

गाडीत बाही मोजली. बोटभरच. मिलादला साठ बायका होत्या, एकीलाही दिसलं नव्हतं. रईसना वाटलं मला ऊन लागलंय.

२६ एप्रिल, रविवार
सुरमादानीचं दुसरं कलेक्शन आलं. कॅटलॉग उघडला. पसंती: काही नाही. कुठला घ्यावा तेच ठरेना. रईसना दाखवला, म्हणाले सगळेच छान आहेत. बाही अजून तशीच आहे.

वर भाडेकरीण आली आहे. तरुण आहे, कपडे बरे घालते. संध्याकाळी सात-बी घातला आणि ती जिना उतरेपर्यंत दारात उभी राहिले. ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आंटी, पाण्याची मोटर किती वाजता लावता?"

सात वाजता, असं सांगितलं.