गळतीखालच्या पंधरा पोफळी

मु. रेवदंडा,
वैशाख वद्य पंचमी, शके १८५४

तीर्थस्वरूप धर्माजीमामांच्या पायांवर भाचा हरेश्वर याचा डोके टेकून नमस्कार. (डोके नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ टेकले आहे. का, ते पुढे कळेलच.) इकडे तुमच्या आशीर्वादाने सर्व क्षेम. केसर बरी आहे. गोदूला खालचे दोन दात आले असून त्यांची परीक्षा ती माझ्या शाळेच्या हजेरीपटावर घेते. तुमच्या गुडघ्याला मुंबईची हवा मानवली का, बाळाजीमामांच्या बिऱ्हाडाचे जिने चढवतात का, माझगावात मासळी ताजी मिळते की बर्फातली, हे सविस्तर कळवावे. बावीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा वाडी सोडून विसाव्याला गेलात. शिंपणे चुकेल म्हणून गोदावरीमामी होत्या तेव्हा त्यांच्या माहेरच्या लग्नांनाही न गेलेला माणूस तो. तेव्हा सुखाने राहावे, राणीची बाग पाहावी, आणि हे पत्र शक्यतो पोटभर जेवून, भिंतीला टेकून वाचावे.

पत्रास कारण तुमची पोफळीची रोपे. घाबरू नका. (हे मी तुम्हाला सांगत नसून स्वतःला सांगतो आहे.) तुम्ही निघालात त्या दिवशी धक्क्यावर माझा हात धरून म्हणाला होतात की हरेश्वरा, विहिरीवरची ती पंधरा रोपे लहान आहेत, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक कळशी स्वतःच्या हाताने घाल, दुसऱ्या कुणावर सोपवू नकोस. मी त्यावर म्हणालो की मामा, मी मास्तर आहे, चाळीस पोरे सांभाळतो, पंधरा रोपांचे ते काय. तुम्ही हसलात. ते हसू मला गेले पाच दिवस जेवताना आठवते.

पहिला आठवडा मी नेमाने शिंपले, ही गोष्ट खरी आहे आणि तुम्ही ती कुणालाही विचारू शकता. मग पालीहून माझ्या सासऱ्यांचा निरोप आला की अक्षय्यतृतीया झाली, आंबे पिकले, फणस उतरला, जावई कुठे आहेत. मामा, मी आंब्याच्या लोभाने गेलो नाही. (केसर हे वाचते आहे आणि हसते आहे. बरे, आंब्याच्या लोभाने गेलो.) पण रोपांचे काय करायचे हा प्रश्न उरलाच. वाडीतल्या कुणाला सांगावे तर मी तुम्हाला शब्द दिलेला, आणि तो मोडतो आहे हे गावभर झाले असते. तेव्हा असे काही हवे होते की पाणी तर पडावे, पण माणूस लागू नये.

त्याच संध्याकाळी देवळात गेलो होतो. उन्हाळा म्हणून पिंडीवर गळती लावलेली. वर तांब्याचे पात्र, त्याच्या बुडाला बारीक भोक, भोकात दर्भ, आणि त्यातून थेंब थेंब पाणी देवाच्या डोक्यावर. गुरव ओसरीवर घोरत पडला होता आणि देवाचा अभिषेक बिनबोभाट चालला होता. मी मनात म्हटले, जे महादेवाला चालते ते पोफळीला का चालू नये? घरी येऊन एका मडक्याला भोक पाडले, त्यात दर्भ खोचला, घड्याळ समोर ठेवून तासाचे थेंब मोजले आणि पाटीवर त्रैराशिक मांडले. पालीला जाऊन येण्याच्या नऊ दिवसांचे उत्तर अगदी बरोबर आले. माझी त्रैराशिके चुकत नाहीत, हे दुर्दैवाने खरे आहे.

आता आणखी चौदा मडकी हवी होती आणि ऐन वैशाखात कुंभाराकडे एक शिल्लक नाही. तेव्हा बंदरावरच्या सोनूबाई कोळणीकडे गेलो. तिच्या झोपडीमागे खाऱ्या मासळीची मडकी उपडी रचून ठेवलेली असतात, ती तुम्हाला माहीत आहेत. (तुमच्याकडे सुके बोंबील तीच घेऊन येते.) मी शाळेच्या कामाला हवीत म्हणून सांगितले. ही थाप, मामा, मी पोरांना खरे बोलण्याचा धडा शिकवून अर्ध्या तासात मारली. सोनूबाईने मडकी दिली आणि वर बजावले, ‘मास्तर, यांच्यात धा वर्सांचं मीठ मुरलंय. दोन दिस गोड्या पान्यात बुडवून ठेव, मंगच वापर.’ आता दोन दिवस कुणाला होते? रोह्याकडे जाणारा मचवा दुसऱ्या दिवशी भरतीला सुटायचा. मी मडकी विहिरीवर एकेकदा विसळली. वास काही जाईना. पण मी शिकलेला माणूस, माझ्यापाशी प्रत्येक आळसाला एक कारण तयार असते. मी म्हटले, माड लावताना आपण खड्ड्यात मीठ घालतोच की. मासळीचे खतही घालतो. माडाला जे चालते ते त्याच्या धाकट्या बहिणीला का नको? म्हणजे रोपांना पाणी, मीठ आणि खत एकाच मडक्यातून. तीन बांबूंच्या पंधरा तिकाट्या उभ्या केल्या, मडकी टांगली, आणि पंधरा गळत्या सुरू झालेल्या पाहून मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी चक्क हात जोडले.

पालीत नऊ दिवस मी काय केले ते लिहिताना लेखणी जड होते. आंबे खाल्ले. आणि रोज संध्याकाळी सासऱ्यांच्या ओटीवर, आल्यागेल्यांसमोर, गळतीच्या शोधावर व्याख्यान दिले. आमचे धर्माजीमामा जुन्या वळणाचे, त्यांना वाटते हाताने घातले तरच पाणी लागते, असेही म्हणालो. लोक माना डोलावत होते. सासऱ्यांनी तर आपल्या कलमांसाठी कुंभाराला मडकी सांगितली. बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेलो तेव्हा देवाकडे काही मागायचेही सुचले नाही, इतका मी निर्धास्त होतो.

दहाव्या दिवशी घरी सामान टाकून वाडीत गेलो. दुरून मला वाटले, विहिरीवर कसली तरी सभा भरली आहे. रेवदंड्यातली झाडून सगळी कुत्री तिथे होती. मामा, नऊ दिवस चौदा ठिकाणी जमिनीत खाऱ्या मासळीचे पाणी मुरत होते. कुत्र्यांनी दुसरे काय समजावे? त्यांना वाटले, खाली बांगडा पुरला आहे. त्यांनी तो मन लावून शोधला. तिकाट्या आडव्या, मडकी फुटलेली, आळ्यांच्या जागी हात हात खोल खड्डे, आणि त्या खड्ड्यांच्या गारव्यात ती शांतपणे झोपली होती. मला पाहून एकच उठले आणि त्याने शेपूट हलवली. मासळी घेऊन येणारा हाच, हे त्याने वासावरून ओळखले असावे.

मी तिथेच विहिरीच्या काठावर बसलो. पंधरांपैकी चार रोपे गेली, मामा. अकरा उभी आहेत. मी चुकलो. तुमचा शब्द मोडला, खोटे बोललो आणि वर तुमची टिंगल केली. याहून जास्त लाजिरवाणे माझ्या हातून आजवर काही घडलेले नाही. तुम्ही मला लहानपणी एकदाही मारले नाहीत, ती चूक झाली असे आता वाटते. रांग मात्र पुन्हा भरलेली दिसते, हे डोळ्यांना समाधान. बाळाजीमामांना नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही काही उरला, तर मी स्वतःला भाग्यवान समजेन.

आपला,
शरमिंदा भाचा,
हरेश्वर

ता. क. एक सुचवावेसे वाटते. मृगाच्या आत परत यायचे तुम्ही ठरवले आहे खरे, पण गुडघ्याला अजून विश्रांती हवी असेल. पावसाळ्यात आगबोटी बंद होतात, म्हणजे मग नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईतच राहावे लागेल, पण त्यात काय बिघडले? मुंबईचा पाऊस पाहण्यासारखा असतो म्हणतात. इकडे रोपांना पावसाचे दोन-तीन महिने मिळाले की ती चांगली मुळे धरतील आणि तुम्हाला ओळखू... म्हणजे तुम्हाला पाहून आनंद होईल, असे मला म्हणायचे होते.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर केसरने वाचला आणि ती चुलीपुढे जाऊन बसली आहे. खरे लिहिल्याशिवाय माझ्याशी बोलणार नाही म्हणते. तेव्हा लिहितो. चार आणि अकरा हे आकडे मी बरोबर लिहिले, जागा फक्त उलट झाल्या. अकरा गेली, चार राहिली. रांग भरलेली दिसते ती मी चौलच्या नीराबाईच्या वाडीतून अकरा रोपे आणून लावली म्हणून. ती काही तुमच्या रोपांच्या वयाची नाहीत. उंच होती त्यांना खड्डा खोल केला, ठेंगणी होती त्यांच्याखाली माती भरली, म्हणजे लांबून पाहता सगळी एका वर्गातली दिसावीत. तुम्हाला ती तुमची म्हणून दाखवायची होती. त्यासाठीच तुम्हाला पावसाळाभर मुंबईत ठेवण्याचा घाट होता, गुडघ्याची काळजी नव्हती. (गुडघ्याची काळजी आहे. पण त्यासाठी ते लिहिले नव्हते.)

ता. क. तिसरा. पत्र टपालात टाकायला निघालो होतो. वाटेत म्हटले, फुटक्या मडक्यांचे सोनूबाईला सांगून टाकावे. ती रागावली नाही. तिला सगळे आधीच ठाऊक होते. चौथ्याच दिवशी बोंबलाची पाटी घेऊन वाडीवरून जाताना तिने कुत्री पाहिली होती. तेव्हापासून मी येईतो ती रोज दोनदा बंदरावरून येत होती आणि जी चार रोपे धड होती त्यांची माती धुऊन काढून त्यांना कळशीने पाणी घालत होती. मी तिला विचारले, तू एवढे का केलेस, मामांनी तुला सांगितले होते का? ती जाळे विणत होती. मान वर न करता म्हणाली:

‘मला कोन सांगंल? पर म्हातारा मागल्या साली रोपं लावत व्हता तवा मी तितंच बसले व्हते. म्हनाला, ही रांग गोदूची. माझ्या गोदावरीचं नाव लावलंय पोरीला, तर तिच्या लग्नाची सुपारी फोडायची ती याच झाडांची. मास्तर, तुला न्हाय सांगितलं त्यानं?’

नाही, मामा. तुम्ही मला सांगितले नाहीत. रोपे लावलीत तेव्हा गोदू दोन महिन्यांची होती. मला वाटायचे, साठी उलटलेला, मूलबाळ नसलेला माणूस आठ वर्षांनी फळणारी पोफळ कुणासाठी लावतो आहे, आणि ते मी केसरला हसून बोलूनही दाखवले होते.

नीराबाईची अकरा रोपे मी आज दुपारी उपटून तिला परत नेऊन दिली. रांगेत अकरा खड्डे मोकळे आहेत, ते तुम्ही आल्यावर तसेच दिसतील. वर पावसाळाभर मुंबईत राहण्याविषयी जे लिहिले ते वाचले नाही असे समजा. शेवटची बोट सुटायच्या आत या. पत्र मिळताच निघा. मी धक्क्यावर उभा असेन. तुम्हाला मला जे काही बोलायचे असेल ते तिथेच बोला, चारचौघांत, हमाल आणि खलाशी ऐकत असले तरी चालेल. घरी मात्र बोलू नका. गोदूला अजून काही समजत नाही हे मला कळते, पण ती माझ्याकडे बघत असते.