सत्तावीस जणांचं कुटुंब

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

ऑर्डर नाकारली. दसऱ्याच्या दिवशी! विजेच्या पॅनलचे पत्र्याचे डबे, महिन्याला चारशे, वर्षभर. माणसं वाढवा, लगेच काम देतो म्हणाले. पण माणसं वाढवायची म्हणजे हजेरीपटावर एकोणीसच्या वर. वीस झाले की प्रॉव्हिडंट फंड लागू, मग रजिस्टरं, दर महिन्याचं ऑनलाइन भरणं, तपासणीला साहेब. वागळे इस्टेटमधल्या आमच्या गल्लीत बारा गाळे आहेत आणि जवळपास सगळ्यांकडे माणसं किती, तर एकोणीस! आमच्याकडेही एकोणीस. बाबांनी गाळा सुरू केला तेव्हापासून हाच हिशोब आणि मी तो मोडणार नाही.

पूजा छान झाली. प्रेसला, कटिंग मशीनला झेंडूचे हार. सगळ्यांना कंपनीचे निळे टी-शर्ट वाटले. फोटोला बाबा मधोमध खुर्चीवर बसले, आणि गुणाजीकाका नेहमीसारखे मागे दाराशी उभे होते त्यांना बाबांनीच हाक मारून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "त्याला नीट येऊ दे फोटोत," म्हणाले. गुणाजीकाका बिचारे लाजून चूर.

फोटो आमच्या पेजवर टाकला. वर लिहिलं — आमचं सत्तावीस जणांचं कुटुंब.

५ ऑक्टोबर, रविवार

बाबांना त्या फोटोची मोठी प्रिंट हवी होती. कोपर स्टेशनजवळून काढून आणली. म्हातारपणी माणसाला फोटोंची हौस येते बहुतेक.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

तक्रार आली म्हणून फंडाच्या ऑफिसातून दोन साहेब आले. चहा नको म्हणाले. हजेरीपट पाहिला, एकोणीस नावं. ठीक आहे म्हणाले आणि फाइलमधून आमचाच फोटो काढून टेबलावर ठेवला! खाली माझंच वाक्य छापलेलं.

"हे सत्तावीस कोण?" शांतपणे विचारलं. आवाज चढवला असता तर मलाही बोलता आलं असतं.

कुटुंब म्हणजे प्रेमाने म्हणतो साहेब, असं काहीतरी बोललो. ते म्हणाले, हजेरीपटाबाहेरचे आठ कोण ते नावानिशी लेखी द्या. दहा तारखेला सुनावणी. विसावा माणूस कधीपासून आहे ते ठरलं तर तेव्हापासूनचं सगळं देणं व्याजासकट लागू.

तेव्हापासूनचं! गाळा विकला तरी निभणार नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आठ जणांची यादी केली. मी. बाबा. आई. माझी बायको संचिता. आमची दिपिका — सात वर्षांची, तिलाही टी-शर्ट घातला होता, गुडघ्यापर्यंत आला तरी. टेंपोवाला जगन, पण टेंपो त्याचा स्वतःचा, आमच्यासारखी दहा गिऱ्हाइकं. धोंडिबा, दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेला, दसऱ्याला मात्र न चुकता येतो. हे सात झाले.

आठवे गुणाजीकाका. पेन तिथेच थांबलं.

कोण आहेत गुणाजीकाका? बाबांच्या गावचे, पाटणकडचे. बायको गेली, मागे कोणी नाही, म्हणून बाबांनी अकरा वर्षांपूर्वी आणलं. गाळ्याच्या माळ्यावर राहतात. जेवणखाण आपलं, हातखर्ची आपली, दिवाळीला कपडे आपले. घरचंच माणूस. मी लिहिलं — कौटुंबिक स्नेही.

यादी वाचून संचिता म्हणाली, स्नेही रोज सकाळी सातला शटर उघडतो होय? तिला यातलं काही कळत नाही असं म्हणालो. बिलं तीच करते, सगळं कळतं तिला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

तक्रार कोणी केली ते मला माहीत आहे. धोंडिबानेच! आम्ही एकोणीस ठेवतो हे त्याला ठाऊक, आणि जाताना कुरबुर करूनच गेला होता. फोन केला, तोंडाला येईल ते बोललो. शेवटी तो एवढंच म्हणाला, "दादा, मला तक्रार करायची असती तर काम सोडतानाच माझ्यासाठी केली असती."

फोन ठेवला. चोर तो चोर आणि वर शहाणपणा!

३ नोव्हेंबर, सोमवार

वकील म्हणाले, गुणाजींचं सहीचं निवेदन घ्या. 'मी येथे कोणतेही काम करीत नाही. मालकांच्या ओळखीने राहतो.' गाळ्यावर काकांना वाचून दाखवलं. त्यांनी कानस बाजूला ठेवली, हात पुसले.

"काम करत न्हाई असं लिवायचं व्हय? बरं."

"गाळा वाचायचाय काका."

"मग आण की हिकडं." सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. सुटलो एकदाचे.

बाबांना घरी सांगितलं. ताट अर्धं टाकून उठले. त्यांना हल्ली भूक लागत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

शिळफाट्यावर अर्धा तास अडकलो. गाळ्यावर पोचलो तर शटर बंद! एकोणीस माणसं रस्त्यावर. मला वाटलं काकांना काही झालं. तर ते समोर टपरीच्या बाकावर, धुतलेला सदरा घालून बसलेले. हात गुडघ्यांवर.

"बाळा, सही केलीय म्या. साहेब आला न् शटर उघडताना बघितलं, तर खोटा पडशील तू."

रागावले नव्हते. माझ्या काळजीने बसले होते!

६ नोव्हेंबर, गुरुवार

तिसरा दिवस. चहा नाही. झाडलोट नाही. ड्रॉइंगची भेंडोळी कुठे असतात ते कुणालाच माहीत नाही. हे सगळं चालवून घेतलं असतं. पण काल गेलेले साठ डबे आज परत आले. कडा घासलेल्याच नाहीत, गिऱ्हाइकाच्या माणसाचा तळवा कापला!

कडा कोण घासतं असं फोरमनला विचारलं. त्याला मी थट्टा करतोय असं वाटलं. म्हणाला, गुणाजीकाका. सगळ्या डब्यांच्या? सगळ्या.

अकरा वर्षं या गाळ्यातून एकही डबा त्या माणसाच्या हातातून न जाता बाहेर पडलेला नाही आणि मला हे आज कळलं. मालक मी! मी समजत होतो ते वेळ जावा म्हणून कानस घेऊन बसतात.

दुपारी बाकावर त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. बोटं पाहिली. सगळ्या पेरांवर बारीक बारीक पांढऱ्या रेघा. दुखतं का विचारलं. म्हणाले, न्हाई रं, आता बसून बसून पाय दुखत्यात.

लाज वाटली. फार लाज वाटली.

तरीही सहीचा कागद मात्र बॅगेत आहे. एकोणीस घरं त्या गाळ्यावर चालतात. मी तरी काय करू?

९ नोव्हेंबर, रविवार

बाबांना विचारलं, उद्या काय सांगू. पेपर वाचत होते. मी तुला दोनदा सांगितलं होतं त्याचं नाव हजेरीपटावर घाल म्हणून, म्हणाले. आठवलं. दोन्ही वेळा मी पुढच्या वर्षी बघू म्हणालो होतो. विषय मिटला असं मला वाटलं होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

साहेबांनी फाइल माझ्याकडे फिरवली. तक्रारदाराने स्वतःचं नाव लपवू नका असं लिहून दिलंय, म्हणाले. वर आमचा फोटो, कोपरला मी काढून आणलेली प्रिंट. एका खुर्चीभोवती पेनाने गोल. खाली लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करणारं ते अक्षर —

'माणसे एकोणीस नाहीत, वीस आहेत. विसावा मी आणला आणि मीच लपवला. मुलाला जमणार नाही, म्हणून मी लिहितो आहे.'

बॅग उघडलीच नाही. वीस लिहा म्हणालो.