सारखीच मतं

प्रिय प्रीतम,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. राग आला असेल तर असू दे. माझंही डोकं भडकलेलंच आहे रे. मानपाड्याहून खडवली ती किती लांब? आणि तुला नेमकी ग्रामपंचायतीच्या मतदानादिवशीच कंपनीत डबल ड्युटी सुचली! नाव इथल्या यादीत, आई इथे, आणि मत मात्र दुसऱ्या कोणीतरी द्यायचं. आपल्या वॉर्डातली एकोणीस माणसं अशीच कल्याण-डोंबिवलीत बसून राहिली. आता हीच मंडळी गणपतीत येऊन विचारणार, अजून नळ नाही आला का म्हणून.

जयावहिनी उभी राहिली ती फक्त नळासाठी. वाडीतल्या बायका अजून नदीवरून हंडे आणतात, तुझी आईपण. मी त्या दिवशी शाळेबाहेर टेबल टाकून बसलेलो. मत दिलेल्याच्या नावापुढे टिक मारायची, ज्याच्यापुढे टिक नाही त्याला बाइकवरून उचलून आणायचं. गुणाजीबाबांना तर आंबिवलीहून, लेकीच्या घरून, अर्ध्या जेवणावरून उठवून आणलेलं. दमलो, पण बरं वाटत होतं.

मोजणीत वहिनीला आणि समोरचीला सारखीच मतं पडली, दोनशे चौदा. मग चिठ्ठी काढली, आणि समोरचीचं नाव निघालं. आता पाच वर्षं नळाचं नाव नको. माझं टाळकंच सटकलं. तुझ्या आईला, गोदूकाकूंना, सगळ्यांदेखत बोललो, तुमच्या प्रीतमने एक दिवस काढला असता तर ही वेळ आली नसती. काकू एवढंच म्हणाल्या, “माझंच चुकलं बाळा, मी त्याला नीट सांगायला हवं होतं.” तेव्हापासून त्या बायकांबरोबर पाण्याला जात नाहीत. भर दुपारी, उन्हात, एकट्याच जातात.

प्रीतम, आता खरं सांगतो. त्या सकाळी यादी उघडल्याबरोबर पहिली टिक मी माझ्याच नावापुढे मारली. घरचंच मत, कुठे पळतंय, देऊ सावकाश, असं वाटलं. मग दिवसभर टिक नसलेल्यांच्या मागे धावलो. संध्याकाळी मतदान संपल्यावर घरी हात धुताना बघतो तर बोटाला शाईच नाही. एका मताने काय होतंय, म्हणून गप्प बसलो. आणि निकालाला सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो. तू आला नाहीस ती तुझी चूक, ती मी सोडणार नाही. पण काकूंनी माझीही चूक डोक्यावर घेतलीय. रविवारी सकाळी बायका पाण्याला निघतील तेव्हा त्यांच्यासमोर मी काकूंची माफी मागणार आहे. या वेळी तरी ये.

तुझाच,
गुरुदत्त